गेम एकच, निकाल तीन : ‘नो मॅन्स स्काय’ची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने व्हॉट्सॲपवर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलचा एक स्क्रीनशॉट पाठवला, ‘नो मॅन्स स्काय’ या गेमचा. खाली मजकूर : ‘मामा, घेऊ का? वर्गातला एक जण म्हणतो शुद्ध फसवणूक आहे. दुसरा म्हणतो याच्यासारखा गेम नाही. मेटाक्रिटिकवर ६१ आहेत आणि स्टीमवर व्हेरी पॉझिटिव्ह. कोण खोटं बोलतंय?’

कोणीच नाही, असं मी त्याला लिहिलं. मग ‘म्हणजे काय?’ म्हणून त्याचा फोन आला आणि तो अर्धा तास चालला. पुढे लिहितोय तो त्या फोनचाच ऐवज आहे, फक्त जरा नीट रचलेला. गेमला मिळणारे गुण, त्याचे तारे, अंगठे, टक्के हे सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देत नसतात आणि एकाच दिवशी दिलेलेही नसतात. ‘नो मॅन्स स्काय’इतकं लख्ख उदाहरण याला दुसरं सापडणार नाही.

हा गेम ‘ओपन-वर्ल्ड सर्व्हायव्हल’ प्रकारातला. आधी हा प्रकार काय आहे ते बघू. ‘ओपन-वर्ल्ड’ म्हणजे मोकळं रान. एकामागून एक ठरलेल्या पातळ्या नाहीत, दिसेल त्या दिशेला निघायचं. ‘सर्व्हायव्हल’ म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. जगायला लागणारं सगळं स्वतः गोळा करायचं, त्यातून अवजारं बनवायची आणि त्या अवजारांनी आणखी गोळा करायचं. दोन्ही एकत्र आले की असा खेळ तयार होतो ज्यात कोणी तुम्हाला ‘आता हे कर’ म्हणून फारसं सांगत नाही, पण श्वास घेण्याचीही किंमत मोजावी लागते.

मी हा गेम पहिल्यांदा सुरू केला तेव्हा डोळे उघडले ते एका विषारी ग्रहावर. हिरवट पिवळा पाऊस पडत होता. पडद्याच्या कोपऱ्यात स्पेससूटच्या संरक्षणाची पट्टी भराभरा उतरत होती. हातातलं स्कॅनर बिघडलेलं होतं, त्यामुळे यान कुठल्या दिशेला पडलंय तेही कळेना. स्कॅनर दुरुस्त करायला फेराइटची भुकटी हवी, ती दगड फोडून मिळते. पट्टी भरायला सोडियम हवं, ते एका पिवळ्या झाडात असतं. मी दगड फोडत बसलो आणि पट्टी संपली. मेलो. दुसऱ्या खेपेला आधी पिवळं झाड शोधलं, मग दगड. यान सापडलं, त्याची डागडुजी केली, आणि वर झेप घेतल्यावर ढग फाटून अचानक काळं आकाश समोर आलं. मध्ये कुठेही ‘लोडिंग’ची पाटी नाही. मागे वळून पाहिलं तर अर्ध्या तासात ज्याने जीव नकोसा केला होता तो ग्रह सुपारीएवढा दिसत होता. त्या क्षणाला गेम मला आवडला. मात्र चौथ्या-पाचव्या ग्रहावर परत तेच दगड आणि तीच पिवळी झाडं बघून कंटाळाही आला. हे दोन्ही लक्षात ठेवा, कारण या गेमवरचं सगळं भांडण याच दोन क्षणांमधलं आहे.

१८४ परार्ध ग्रह

हा गेम बनवणारी कंपनी हॅलो गेम्स, इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावची. २००८ साली चार मित्रांनी काढलेली, त्यातला शॉन मरे हा पुढे तिचा चेहरा झाला. त्याआधीचं त्यांचं नाव होतं ते ‘जो डेंजर’ या मोटरसायकलच्या कसरतींच्या छोट्या, गमतीदार गेमसाठी. डिसेंबर २०१३ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात त्यांनी ‘नो मॅन्स स्काय’ची पहिली झलक दाखवली आणि गेमिंगचं जग अवाक झालं. दोनच आठवड्यांनी, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, गिल्डफर्डला पूर आला आणि त्यांच्या ऑफिसात पाणी शिरून बरंचसं सामान खराब झालं. तिथून सावरून २०१४ च्या जूनमध्ये ते सोनीच्या मोठ्या मंचावर उभे होते. गेम बाहेर येईपर्यंत त्यांची माणसं होती पंधराच्या आसपास.

पंधरा जणांनी अख्खं विश्व कसं बनवलं? तर बनवलंच नाही. गेममध्ये २ चा ६४ वा घात इतके ग्रह आहेत, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. आपल्या जुन्या मोजणीत १८४ परार्ध. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार असं करत गेलं तर एकूण जितके दाणे होतात त्याहून बरोबर एक जास्त. एकेका ग्रहावर एकच सेकंद थांबलात तरी सगळे बघायला सुमारे ५८,००० कोटी वर्षं लागतील.

हे ग्रह कुठल्याही डिस्कवर साठवलेले नाहीत. पंचांगाची आठवण करा. शंभर वर्षांनंतरच्या एखाद्या दिवसाची तिथी कोणी कुठे लिहून ठेवलेली नसते, पण गणित ठरलेलं असल्यामुळे कोणीही मांडलं तरी उत्तर तेच येतं. इथेही तसंच. ग्रहाचा क्रमांक गणितात घातला की डोंगर, हवा, झाडं, प्राणी सगळं त्यातून निघतं आणि प्रत्येक खेळाडूला तोच ग्रह तसाच दिसतो. यालाच ‘प्रोसिजरल’ निर्मिती म्हणतात. कल्पना मोठी आहे. पण गणित आकडे कितीही देईल, नवल किती देईल हे सांगता येत नाही. पाय चार की सहा, शेपटी लांब की आखूड, रंग हिरवा की जांभळा अशी अदलाबदल करत गेलं की दहा-पंधरा तासांनी माणसाच्या डोळ्याला साचा दिसायला लागतो. एवढ्या १८४ परार्धांतला फरक आपण पंचवीस-तीस ग्रहांतच पकडतो, हे त्या वेळी कोणी फारसं बोललं नाही.

बोललं गेलं ते दुसरंच. दोन-अडीच वर्षं मरे मुलाखती देत होता आणि अमेरिकेतल्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमातही झळकला. त्याला विचारत, दोन खेळाडू एकमेकांना भेटू शकतील का? तो सांगे, हो, पण विश्व इतकं मोठं आहे की तशी शक्यता फारच कमी. ट्रेलरमध्ये झाडं पाडत जाणारे अवाढव्य प्राणी होते, यानांचे ताफे होते, अवकाशातल्या लढाया होत्या. माणूस लबाड वाटत नाही, मुलाखती पाहिल्यात तर तुमचंही मत तसंच होईल. उत्साही आहे आणि ‘नाही’ म्हणायला कचरतो. पण ऐकणाऱ्याने त्या प्रत्येक ‘हो’वर स्वतःचा एक गेम रचला होता. मे २०१६ मध्ये प्रकाशन काही आठवडे पुढे ढकललं गेलं तेव्हा लोकांनी मरेला जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या. अजून कोणी न खेळलेल्या गेमसाठी!

पहिला निकाल : समीक्षकांचा

९ ऑगस्ट २०१६ ला अमेरिकेत प्लेस्टेशन ४ वर आणि १२ तारखेला पीसीवर गेम आला, साठ डॉलरला. म्हणजे पंधरा जणांच्या कंपनीचा गेम, पण किंमत बड्या कंपन्यांची. मरेने सांगितलं की पहिल्या रात्रीतच खेळाडूंनी एक कोटी प्रजातींची नोंद केली. स्टीमवर एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक खेळत होते.

समीक्षकांची मात्र अडचण झाली. एरवी मोठ्या गेमच्या प्रती त्यांना काही दिवस आधी मिळतात. इथे पहिल्याच दिवशी मोठा पॅच, म्हणजे गेममध्ये दुरुस्त्या करणारी फाइल, येणार होता, सर्व्हर पुसून नव्याने सुरू होणार होते, म्हणून तेही तुमच्याआमच्यासारखे प्रकाशनाच्या सुमारासच खेळायला बसले. कथा असलेला गेम पंधरा तासांत संपतो, मग त्यावर लिहिता येतं. इथे संपतच नाही. आकाशगंगेच्या केंद्राशी पोचायचं असं एक उद्दिष्ट होतं, पण तिथे पोचलेल्यांना कळलं की बक्षीस म्हणून पुढची आकाशगंगा मिळते आणि सगळं पहिल्यापासून. मग किती तास खेळून गुण द्यायचे? दहा तासांच्या आतल्या माणसाला जे वाटतं आणि चाळीस तासांच्या पुढच्याला जे वाटतं त्यात जमीन-अस्मानाचं अंतर.

गेमची समीक्षा करणाऱ्या साइटींपैकी आयजीएनने दहापैकी ६ दिले, पॉलिगॉनने ६, गेमस्पॉटने ७. तक्रारी साधारण सारख्याच होत्या : सामान ठेवायला जागा कायम अपुरी, दर उड्डाणाला इंधन, त्यासाठी पुन्हा लाल स्फटिक फोडून प्लुटोनियम गोळा करा, आणि पुढच्या ग्रहावर तीच खोली, तेच यंत्र. स्तुतीही सारखीच : पहिले काही तास दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये मिळणार नाहीत असे. मेटाक्रिटिक ही साइट अशा सगळ्या समीक्षकांचे गुण एकत्र करून सरासरी काढते. सरासरीही सरळ नाही, काही प्रकाशनांच्या गुणांना जास्त वजन असतं आणि ते किती हे साइट सांगत नाही. तिथे प्लेस्टेशनच्या आवृत्तीला ७१ पडले, पीसीच्या आवृत्तीला ६१.

इथे आपल्याकडच्या वाचकाची हमखास गल्लत होते. दहावीला ६१ टक्के म्हणजे आपल्या आईवडिलांच्या काळात फर्स्ट क्लास, पेढे वाटायची बाब. गेमच्या समीक्षेत तसं नाही. तिथे पस्तीसला पास हा हिशेबच नाही, सत्तरीच्या खाली गेलं की लोक नाक मुरडतात. त्यामुळे ६१ चा अर्थ ‘ठीकठाक, पण पैसे टाकताना विचार करा’ असा घ्यायचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मेटाक्रिटिक समीक्षकाने पहिल्यांदा दिलेले गुणच धरते. नंतर त्याने मत बदललं, गुण वाढवले, तरी तिथला आकडा हलत नाही. यामागचं कारण समजण्यासारखं आहे, नाहीतर कंपन्या ‘आता सुधारलाय, आता वाढवा’ म्हणून मागे लागतील. पण परिणाम असा की भाच्याने पाहिलेले ६१ हे ऑगस्ट २०१६ च्या गेमचे आहेत. आज तो जो गेम डाउनलोड करेल त्यावर त्या आकड्याचं काहीच म्हणणं नाही.

दुसरा निकाल : अंगठे

समीक्षकांनी नाक मुरडलं, खेळाडूंनी मात्र दगड उचलले.

प्रकाशनाच्या दिवशीच दोघा जणांनी ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी भेट घेतली. दोघंही आपापल्या पडद्यावर त्याच जागेवर उभे होते. कोणालाच कोणी दिसलं नाही. भेटीची शक्यता कमी नव्हती, भेटण्याची सोयच नव्हती. गेमच्या विशेष आवृत्तीच्या काही खोक्यांवर ऑनलाइन खेळाची खूण स्टिकर लावून झाकलेली आढळली, त्याचे फोटो फिरले. मग कोणीतरी मरेच्या जुन्या मुलाखती काढून ‘सांगितलं काय आणि दिलं काय’ अशी लांबलचक यादी केली. दोन-तीन आठवड्यांत स्टीमवरचे खेळाडू दहाव्या हिश्शावर आले.

परतावा मागायला रांग लागली. स्टीमचा नियम असा की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. लोक पन्नास पन्नास तास खेळून पैसे मागायला लागले, तेव्हा स्टीमने गेमच्या पानावरच सूचना टाकली की नेहमीचाच नियम लागू आहे, खास सवलत नाही. माझं मत विचाराल तर पन्नास तास जेवून पैसे परत मागणं बरोबर नाही. पण त्या मंडळींचा मुद्दा वेगळा होता, अमुक एक मिळेल म्हणून ते पन्नास तास शोधत राहिले आणि ते नव्हतंच, असं त्यांचं म्हणणं. अशा गेममध्ये हे अगदी शक्य आहे. १८४ परार्ध ग्रह असताना ‘पुढच्या ग्रहावर असेल’ ही आशा कधी सोडायची?

आता स्टीमचे ते शब्द. तिथे गुण नसतातच. खेळाडू फक्त अंगठा वर किंवा खाली करतो, शिफारस आहे की नाही. शंभरातले किती अंगठे वर, त्यावरून पाटी ठरते. ऐंशीच्या वर गेलं की ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, सत्तर ते एकोणऐंशी ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, चाळीस ते एकोणसत्तर ‘मिक्स्ड’, वीस ते एकोणचाळीस ‘मोस्टली निगेटिव्ह’. विसाच्या खाली गेलं आणि मतं भरपूर असली की शेवटची पाटी लागते, ‘ओव्हरव्हेल्मिंगली निगेटिव्ह’.

ही टक्केवारी म्हणजे गेमला पडलेले गुण नव्हेत. खानावळीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ‘परत याल का?’ एवढंच विचारलं, तर साध्या वरणभाताच्या ठिकाणालाही शंभरातले नव्वद जण हो म्हणतील. याचा अर्थ जेवण नव्वद गुणांचं होतं असा नाही, बहुतेकांची निराशा झाली नाही असा आहे. म्हणून जो गेम फारसं काही वचन देत नाही त्याला अंगठे सहज मिळतात, आणि जो चंद्र आणून देतो म्हणतो त्याचे बारा वाजतात. अंगठा मोजतो ते अपेक्षा आणि वस्तू यांच्यातलं अंतर. ‘नो मॅन्स स्काय’ जर अनोळखी कंपनीने, गाजावाजा न करता, वीस डॉलरला काढला असता तर तोच्या तो गेम लोकांनी डोक्यावर घेतला असता, असं मला राहून राहून वाटतं.

स्टीम दोन पाट्या दाखवतं. एक आजवरच्या सगळ्या मतांची, दुसरी गेल्या तीस दिवसांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये तीस दिवसांची पाटी सर्वांत खाली, ‘ओव्हरव्हेल्मिंगली निगेटिव्ह’वर गेली होती.

तक्रार ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडेही गेली. २३ जणांनी लिहिलं की स्टीमच्या पानावरची चित्रं आणि व्हिडिओ दिशाभूल करतात. चौकशी होऊन ३० नोव्हेंबर २०१६ ला निकाल लागला : जाहिरात दिशाभूल करणारी नाही. प्रत्येक ग्रह गणितातून निघत असल्यामुळे प्रत्येकाला वेगळं दिसणार हे उघड आहे आणि दाखवलेल्या प्रकारच्या गोष्टी गेममध्ये मिळतात, असा त्यांचा सूर. लक्षात घ्या, नियामकाने पाहिलं ते पानावरचं साहित्य. दोन वर्षांच्या मुलाखती तिथे विचारात आल्या नाहीत, आणि लोकांचा राग होता त्या मुलाखतींवर.

मौन

एवढं सगळं होत असताना हॅलो गेम्स गप्प. जो माणूस रोज कुठे ना कुठे बोलत होता तो ऑगस्टनंतर दिसेनासा झाला. पळाले, पैसे घेऊन बसले, असं लोक उघड बोलू लागले.

नोव्हेंबरच्या शेवटी ‘फाउंडेशन’ नावाचं अपडेट आलं. ग्रहावर स्वतःचं घर बांधता येऊ लागलं, खडतर सर्व्हायव्हल आणि मुक्त बांधकाम असे दोन नवे प्रकार आले. फुकट. मार्च २०१७ मध्ये जमिनीवर चालवायची वाहनं. ऑगस्टमध्ये नवी कथा, आणि सोळा जणांपर्यंत एकमेकांच्या जवळ येण्याची सोय, तीही कशी, तर दुसरा खेळाडू तरंगता प्रकाशगोल म्हणून दिसायचा. मग २४ जुलै २०१८ ला ‘नेक्स्ट’. त्यात खेळाडू अखेर एकमेकांना हातापायांसकट दिसू लागले, एकत्र खेळू लागले. पहिल्या दिवसाच्या त्या फसलेल्या भेटीला तोवर दोन वर्षं होत आली होती. स्टीमवर पुन्हा एका वेळी जवळपास एक लाख लोक आले. २०१९ ला व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून गेमच्या आत शिरल्यासारखं खेळणं, २०२० ला ‘ओरिजिन्स’मध्ये नवे ग्रह आणि वाळूतून उसळणारे महाकाय किडे, २०२२ ला निन्टेंडो स्विचवर, २०२४ ला पाणी आणि हवामान नव्याने. यातल्या एकाही अपडेटचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

बोलण्याची रीतही बदलली. आधी वर्षं वर्षं सांगायचे आणि मग द्यायचे, आता काम जवळपास पुरं झाल्यावर तोंड उघडतात. कधी कधी तर मरे नुसतं एक चिन्ह टाकतो आणि लोक अर्थ लावत बसतात.

दरम्यान खेळाडूंनी आपापली वस्ती वसवली होती. गॅलॅक्टिक हब नावाचा एक गट २०१६ पासूनच एका कोपऱ्यातले तारे पंचक्रोशीसारखे वाटून घेऊन नकाशे बनवत होता, म्हणजे बाहेर शिव्याशाप चालू असताना. २०१९ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून हॅलो गेम्सच्या ऑफिसजवळ चक्क आभाराचा फलक लावला. २०२० मध्ये द गेम अवॉर्ड्स या वार्षिक सोहळ्यात ‘सर्वोत्तम चालू गेम’ हा पुरस्कार आणि २०२२ मध्ये ‘इव्हॉल्व्हिंग गेम’ म्हणजे सतत वाढत राहिलेल्या गेमसाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. हे पुरस्कार-गट पूर्वी कोणाला सुचलेही नसते. गेम विकला की संपला, अशीच समजूत होती.

तिसऱ्या निकालाला आठ वर्षं का लागली

भाच्याचा खरा प्रश्न इथे आला. ‘मामा, गेम २०१८ मध्येच सुधारला ना? मग व्हेरी पॉझिटिव्ह व्हायला २०२४ का उजाडलं?’

कागद-पेन घ्यायला लावलं. समज, सुरुवातीला शंभर जणांनी मत दिलं आणि त्यातले फक्त तीस अंगठे वर होते. मग गेम सुधारला आणि पुढे येणाऱ्या दर शंभरातले नव्वद वर जाऊ लागले. एकूण टक्केवारी सत्तरवर यायला आणखी किती मतं लागतील? दोनशे. तीस आणि एकशे ऐंशी मिळून दोनशे दहा, भागिले तीनशे. ठीक. आता ऐंशीवर न्यायचं तर? आधीच्या दोनशेंवर आणखी तीनशे. म्हणजे सुरुवातीच्या शंभरांनी केलेलं नुकसान धुवायला पाचपट लोक, तेही नव्वद टक्के खूश असलेले. हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत, पण चाल हीच. त्यात ‘नो मॅन्स स्काय’ची सुरुवातीची मतं शंभर नव्हे, हजारोंच्या हजारो होती, कारण गाजावाजाच तेवढा झाला होता. काही जणांनी परत येऊन आपला खाली केलेला अंगठा वर केला, तेवढाच हातभार. बाकीचे अंगठे आहेत तिथे आहेत, त्यांच्या मालकांनी गेम कधीच काढून टाकलाय.

तीस दिवसांची पाटी त्यामुळे लवकर हसली. एकूण पाटी मात्र २०१८ मध्ये ‘मिक्स्ड’च होती, २०२१ मध्ये ‘मोस्टली पॉझिटिव्ह’ झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ऐंशीचा उंबरठा ओलांडून ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. मेटाक्रिटिकचा आकडा या आठ वर्षांत तसूभरही हलला नाही. एक मोजपट्टी थिजलेली, एक सावकाश सरकणारी, एक महिन्याला बदलणारी. तिघींचं माप आपापल्या जागी बरोबर.

पण म्हणून ‘सगळे गेम शेवटी सुधारतात’ असं धरून पैसे टाकू नका, हेही त्याला सांगितलं. ‘द डे बिफोर’ नावाचा एक ओपन-वर्ल्ड सर्व्हायव्हल गेम ७ डिसेंबर २०२३ ला स्टीमवर आला. त्याचीही ट्रेलर पाहून लोक अनेक महिने वाट बघत होते. हातात पडलं ते दाखवलेल्या गोष्टीच्या आसपासही नव्हतं. चार दिवसांत, ११ तारखेला, बनवणाऱ्या कंपनीने आपण बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या महिन्यात सर्व्हरही बंद झाले. खेळाडूंना पैसे तरी परत मिळाले. उलट टोकाला ‘वाल्हाइम’, पाच स्वीडिश माणसांनी केलेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो अर्धवट अवस्थेतच आला, वीस डॉलरला, ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणून, म्हणजे ‘काम चालू आहे’ अशी पाटी दारावर लावूनच. महिन्याभरात पन्नास लाख प्रती खपल्या. त्यातही खूप काही अपुरं होतं, पण तसं आधीच सांगितलं होतं. सर्व्हायव्हल प्रकारात ही पद्धत आता रूढच झालीय, ‘रस्ट’ आणि ‘डेझी’ तर चार-पाच वर्षं अर्ली ॲक्सेसमध्येच होते. मोठमोठे समीक्षक अशा गेमला गुण द्यायचं टाळतात, घर बांधून झाल्याशिवाय वास्तुशांतीला जायचं नाही तसं.

‘ते सगळं कळलं,’ भाचा म्हणाला, ‘पण घेऊ का?’

त्याला म्हटलं, तीस दिवसांची पाटी बघ, आणि मग फक्त नकारात्मक मतं उघड. स्टीम प्रत्येक मताशेजारी त्या माणसाने किती तास खेळलाय ते दाखवतं. दोन तासांत चिडलेला माणूस आणि चारशे तासांनंतर कंटाळलेला माणूस दोघंही अंगठा खालीच करतात, पण दोघांचं दुखणं वेगळं. चारशे तासवाल्याचं दुखणं तुला परवडण्यासारखं आहे. दोन तासवाल्याने जर लिहिलं असेल की ‘दगड फोडण्याशिवाय काही नाही’, तर ते वाक्य नीट वाच, कारण दगड आजही फोडावे लागतात. आठ वर्षांच्या अपडेटांनी घर, गाड्या, मित्र, समुद्र सगळं दिलं, तो दगड मात्र तिथेच आहे.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. घेतला होता, सहा तास झाले होते. पहिल्याच ग्रहावर घर बांधत बसलाय, वर अजून गेलाच नाही. खाली आणखी एक ओळ होती. डिसेंबर २०२३ मध्ये शॉन मरे पुन्हा एका पुरस्कार सोहळ्याच्या मंचावर आला होता, ‘लाइट नो फायर’ नावाचा नवा गेम घेऊन. पृथ्वीएवढा एकच ग्रह, ओपन-वर्ल्ड, सर्व्हायव्हल, सगळे खेळाडू एकत्र. प्रकाशनाची तारीख त्या दिवशी सांगितली नव्हती. भाच्याने तो विशलिस्टमध्ये टाकला होता, आणि कंसात लिहिलं होतं : ‘मामा, फक्त टाकून ठेवलाय.’